हिवाळ्यातले फोटो: कॅनव्हासवर छापावेत की कागदावर?

दिवाळी ते संक्रांत या काळात सोलापूरकरांच्या मोबाइलमध्ये जे फोटो साठतात, त्यांत पांढऱ्याचं राज्य असतं. सुट्टीत मनालीला किंवा गुलमर्गला जाऊन आलेल्यांचा बर्फ, सिद्धेश्वर तलावावर पहाटे उतरलेलं धुकं, गड्ड्याच्या यात्रेतली पांढरीशुभ्र बाराबंदी, मंगळवेढ्याकडच्या ज्वारीवरचं दव. त्यातला एखादा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावावा असं वाटतं आणि कुणीतरी सांगतं, ‘कॅनव्हासवर काढ, भारी दिसतो.’ दिसतो, पण प्रत्येक फोटो तसा दिसत नाही. पांढऱ्यावर उभा असलेला फोटो कॅनव्हासवर नेताना त्याची तयारी वेगळी करावी लागते, आणि काही फोटो तर तिकडे नेऊच नयेत. कुठला फोटो कुठे न्यावा आणि नेण्याआधी त्याचं काय करावं, ते इथे समोरासमोर ठेवून पाहू.

पांढरा कुठून येतो

फोटो छापणाऱ्या नेहमीच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. फोटोत जिथे निखळ पांढरं आहे, तिथे प्रिंटर काहीच छापत नाही. मागचा कागद किंवा कापड तसंच उघडं राहतं. म्हणजे तुमच्या फोटोतला पांढरा हा त्या कागदाचा किंवा कापडाचा पांढरा असतो. सगळी निवड या एका गोष्टीपासून सुरू करावी.

चांगला फोटो पेपर कॅनव्हासपेक्षा जास्त उजळ आणि थंड पांढरा असतो. कॅनव्हास त्यामानाने उबदार, किंचित दुधाळ. सुती कॅनव्हासमध्ये उजळपणासाठीची रसायनं नसतील तर तो हस्तिदंती वाटतो. पॉलिस्टर आणि सूत मिसळलेला कॅनव्हास जरा जास्त पांढरा असतो. रोल बाजूबाजूला ठेवले की फरक लगेच दिसतो. शिवाय कॅनव्हासला वीण असते. चादरी-टॉवेलच्या गावात ताणा-बाणा समजावून सांगायची गरज नाही, पण फोटोच्या बाबतीत तो काय करतो ते मात्र पाहावं लागतं. प्रत्येक धाग्याच्या उंचवट्याशेजारी सूक्ष्म सावली पडते. त्यामुळे पांढरा थोडा राखाडतो आणि बारीक तपशील त्या जाळीत अडकतो.

काळ्याचंही तसंच. मॅट कॅनव्हासवर काळा हा गडद कोळशासारखा दिसतो. चकचकीत किंवा लस्टर (मंद चमकेच्या) कागदावर तो खोल जातो. म्हणजे कॅनव्हास वरून पांढरा थोडा कापतो आणि खालून काळा थोडा कापतो. फोटोत जे आहे ते मधल्या पट्ट्यात बसवावं लागतं.

कुठला फोटो कुठे

धुक्याचा फोटो कॅनव्हासवर न्या, आणि मोठा न्या. धुक्यात मुळातच निखळ पांढरं किंवा निखळ काळं नसतं. सगळं मधल्या राखाडीत असतं, आणि ती राखाडी कॅनव्हासला उत्तम जमते. तलावाच्या मधोमध उभ्या असलेल्या मंदिराचं शिखर धुक्यातून अर्धवट दिसतंय, पुढे पाण्याचा मोकळा पट्टा, अशा फोटोत बारीक तपशील मोजकाच असतो आणि वीण त्या मोकळ्या जागेला अंग देते. हाच फोटो काचेमागे लावला तर मोकळ्या जागेत समोरची खिडकी आणि पंखा दिसत बसतो.

पक्ष्यांचा फोटो कागदावर ठेवा. हिप्परगा तलावावर हिवाळ्यात पट्टकदंब येतात. डोक्यावरचे दोन काळे पट्टे ही त्यांची ओळख. हे पट्टे, पिसांच्या कडा, डोळ्यातली चमक हे सगळं मिलिमीटरमधलं काम आहे आणि कॅनव्हासची वीण नेमकी तिथे आडवी येते. त्यात हे फोटो बहुधा लांबून काढलेले आणि कापून मोठे केलेले असतात. काहीजण म्हणतात, पिक्सेल कमी असतील तर कॅनव्हास बरा, कारण त्यावर धूसरपणा लपतो. धूसरपणा लपतो हे खरं, पण पिसंही लपतात. त्यापेक्षा ८×१२ इंचांचा कागदी प्रिंट चांगल्या माउंटसह (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसह) लावलेला मला केव्हाही अधिक पटतो. नान्नजच्या गवतातल्या काळविटाला मात्र हा नियम सरसकट लावू नका. काळवीट फ्रेममध्ये मोठा असेल आणि मागे कोवळ्या उन्हातलं सोनेरी गवत पसरलेलं असेल, तर कॅनव्हास छान दिसेल.

बर्फाचे फोटो दोन प्रकारचे असतात. एकात बर्फच मुख्य असतो: उन्हात चमकणारे कण, वाऱ्याने पडलेल्या लाटा, देवदारावर साचलेला थर. हे कागदाचं काम. कॅनव्हासवर ती चमक विझते. दुसऱ्यात माणसं मुख्य: भाड्याचे रंगीत कोट घातलेलं कुटुंब, मागे डोंगर. हा कॅनव्हासवर चालतो, अट एकच. छापल्यावर प्रत्येक चेहरा निदान रुपयाच्या नाण्याएवढा तरी आला पाहिजे. त्याहून लहान चेहऱ्यांत डोळे आणि ओठ विणीत विरघळतात, आणि घरच्या फोटोत आजीचे डोळे दिसणार नसतील तर तो लावायचा कशाला?

यात्रेच्या फोटोंबद्दल माझं मत ठाम आहे. अक्षता सोहळ्याच्या दिवशीचे नंदीध्वज (यात्रेतल्या उंच, सजवलेल्या काठ्या), बाराबंदीतले मानकरी, हार, बाशिंगं, गर्दीवर पडलेलं जानेवारीचं ऊन, हे कॅनव्हासवर शोभतं. कापडाचा फोटो कापडावर आला की बाराबंदीच्या चुण्यांना खरेपणा येतो. मात्र होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचा फोटो मॅट कॅनव्हासवर देऊ नका. त्यात नव्वद टक्के काळं आकाश असतं आणि ते राखेच्या रंगाचं होऊन येतं. त्याला चकचकीत कागद, किंवा कॅनव्हासच हवा असेल तर वरून ग्लॉस व्हार्निश.

बर्फ आणि धुकं: तयारी उलट्या दिशांची

खरी मेहनत इथे आहे. दोन्ही फोटो वरवर पांढरेच, पण त्यांना एकच फिल्टर मारला तर एक तरी बिघडतोच.

बर्फ घेऊ. कॅमेऱ्याचा लाइट मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडीचं आहे असं धरून चालतो. समोर सगळा बर्फ असला की तो घाबरून प्रकाश कमी करतो आणि बर्फ मळकट राखाडी येतो. काढतानाच एक ते दोन स्टॉप एक्स्पोजर वाढवलेलं असेल तर उत्तम; नसेल तर आता वाढवायचं. पण स्लायडर सरळ उजवीकडे ढकलला की बर्फातल्या लाटा आणि पावलांचे ठसे जळून जातात. म्हणून आधी एक्स्पोजर वाढवा, मग हायलाइट्स खाली ओढा, आणि शेवटी कर्व्हजमध्ये (उजेड-अंधाराच्या आलेखात) उजवीकडचा वरचा बिंदू जरासा खाली आणा, म्हणजे सगळ्यात उजळ जागा २५५ वर, म्हणजे निखळ पांढऱ्यावर, न जाता २४५ ते २५० च्या दरम्यान थांबेल. या पाच-दहा अंकांच्या फरकामुळे बर्फाच्या सगळ्यात उजळ भागावरही शाईचा पातळ थर बसतो. तो बसला नाही तर काय होतं ते प्रिंटच्या जवळ जाऊन पाहण्यासारखं असतं. सगळीकडे शाईचा सलग थर, आणि मधेच एक पॅच असा की जिथे नुसतं कापड. धागे मोजता येतील इतके उघडे, आणि त्या पॅचला कडा. तिरप्या उजेडात तो ठिगळ लावल्यासारखा उठून दिसतो. बाराबंदीच्या खांद्यावर दुपारचं ऊन पडलेलं असेल तर तिथेही हेच होतं, म्हणून यात्रेच्या फोटोंनाही हीच काळजी.

मग निळी झाक. बर्फावरच्या सावल्या निळ्या दिसतात कारण त्यांच्यावर थेट ऊन नसतं, निळ्या आकाशाचा उजेड असतो. ही निळाई खरी आहे. ती सगळी पुसली तर बर्फ चुन्यासारखा निर्जीव दिसतो. दुरुस्त करायचा तो उन्हातला बर्फ. त्यावर कलर पिकर ठेवला की लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यावेत, निळा दोन-चारने जास्त असला तरी चालतो. कॅनव्हास मुळात उबदार असल्यामुळे इतकी थंड झाक फोटोत ठेवलेली बरी; स्क्रीनवर बर्फ दुधाळ केलात तर कॅनव्हासवर तो तुपाळ होईल. चेहरे सावलीत असतील तर त्यांच्यावरही निळी झाक येते. ती घालवायला पूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स हलवू नका, बर्फ पिवळा पडेल. फक्त चेहऱ्यांवर सिलेक्टिव्ह टूल लावा: थोडा उजेड, थोडी ऊब.

आता धुकं. इथे एक्स्पोजर वाढवायचा मोह आवरायचा. धुकं हे पांढरं नसून उजळ राखाडी असतं, आणि ते राखाडीच राहिलं तर त्यात खोली राहते. सगळ्यात उजळ जागा २३५-२४० च्या आसपास ठेवली तरी भिंतीवर तो फोटो पुरेसा उजळ दिसतो. काळ्या टोकालाही ओढाताण नको. धुक्यातलं शिखर काळं कुळकुळीत केलं की ते कात्रीने कापून चिकटवल्यासारखं वाटतं. ‘डीहेझ’ नावाचा धूसरपणा काढणारा स्लायडर हल्ली बऱ्याच ॲपमध्ये असतो आणि धुक्याच्या फोटोवर तो सगळ्यात घातक, कारण तो ज्यासाठी फोटो काढला तेच घालवतो. क्लॅरिटी आणि स्ट्रक्चर हे धुक्यात मळ आणतात. जिथे आकार आहे तिथेच, म्हणजे शिखर, काठावरचं झाड, पुढची पायरी एवढ्यापुरताच थोडा कॉन्ट्रास्ट वाढवा. कॅनव्हासवर एकूण कॉन्ट्रास्ट उतरतोच, तेवढी भरपाई इथे होते.

धुक्याची आणखी एक अडचण म्हणजे पट्टे. उजळ राखाडीपासून गडद राखाडीपर्यंतचा मऊ उतार जेपेगमध्ये पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह केला की त्यात पायऱ्या पडतात. मूळ फाइल रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली) असेल तर तिच्यावरच काम करा, कॉम्प्युटरवर १६ बिटमध्ये ठेवा आणि जेपेग अगदी शेवटी एकदाच बनवा. मूळच जेपेग असेल तर एडिटिंग कमीत कमी ठेवा आणि शेवटी अगदी हलकं ग्रेन (बारीक कणांचा पोत) टाका. पायऱ्या मोडतात आणि विणीत ते ग्रेन वेगळं दिसतही नाही. कागदावर मात्र हेच ग्रेन जवळून दिसतं, तिथे हात आखडता.

शार्पनिंगही कॅनव्हासचं आणि कागदाचं वेगळं. कॅनव्हासला कागदापेक्षा जरा जास्त लागतं, कारण वीण कडा बोथट करते. पण ते देवदाराच्या फांद्यांना, कोटाच्या शिवणीला आणि डोळ्यांना द्यायचं. धुक्याला आणि बर्फाच्या सपाट भागाला द्यायचं नाही, तिथे फक्त नॉइज उभा राहतो. शेवटी फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा. लेन्सवरची किंवा सेन्सरवरची धूळ एरवी गर्दीत लपते, पण धुक्यात आणि बर्फात ती मोठ्या प्रिंटवर माशी बसल्यासारखी दिसते. हीलिंग टूलने दहा मिनिटांचं काम आहे, पण ते टाळू नका.

मोबाइलवर करावं की कॉम्प्युटरवर?

यात्रेचा किंवा कुटुंबाचा फोटो असेल, १६×२४ इंचांपर्यंत छापायचा असेल, तर मोबाइल पुरेसा आहे. स्नॅपसीड फुकट आहे, त्यात कर्व्हज, सिलेक्टिव्ह आणि हीलिंग हे तिन्ही मिळतात आणि वर सांगितलेलं जवळजवळ सगळं होतं. धुक्याचा मोठा प्रिंट हवा असेल तर कॉम्प्युटरवर बसा. गिंप आणि डार्कटेबल दोन्ही फुकट आहेत आणि त्यांत सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईची स्क्रीनवरची झलक, पाहता येतं. छपाईवाल्याने त्याच्या कॅनव्हासची आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) दिली तर फोटो त्या कॅनव्हासवर कसा उतरेल याचा अंदाज स्क्रीनवरच येतो. मोबाइलवर ही सोय नाही.

कुठेही करा, स्क्रीनचा उजेड आधी खाली आणा. ‘प्रिंट काळपट आला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा शाईचा दोष नसतो. फोटो ज्या स्क्रीनवर एडिट झाला ती फार झगझगीत असते. एक सोपी खूण: स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद खोलीच्या उजेडात धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. मोबाइलचा ऑटो ब्राइटनेस आणि डोळ्यांसाठीचा पिवळा मोड दोन्ही बंद. मग एडिटिंगला हात घाला.

फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यात द्या. आयफोनचे फोटो वेगळ्या रंगपट्ट्यात आणि हेइक फॉरमॅटमध्ये असतात, ते बदलून घ्या. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, स्वतः रूपांतर करू नका. ते काम छपाईवाल्याच्या सॉफ्टवेअरचं, त्याला त्याच्या शाया माहीत असतात.

आकार, पिक्सेल आणि व्हॉट्सॲप

कागदाचा प्रिंट हातात घेऊन पाहिला जातो, म्हणून त्याला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. कॅनव्हास पाच-सहा फुटांवरून पाहिला जातो आणि विणीमुळे फार बारकावा दिसतही नाही. तिथे १५० पुरतात. हिशेब सोपा आहे. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल फोटो ४०००×३००० चा असतो. १५० ने भागलं की साधारण २६×२० इंच. म्हणजे मोबाइलच्या मूळ फोटोवरून १८×२४ चा कॅनव्हास निश्चिंतपणे निघतो. कागदावर त्याच दर्जाला तोच फोटो १३×१० इंचांवर थांबतो. ५० मेगापिक्सेलचा म्हणून विकलेला मोबाइलही नेहमीच्या मोडमध्ये बहुधा साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, हे लक्षात ठेवा.

हा हिशेब मूळ फाइलचा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीत साधारण १६०० पिक्सेलवर येतो. १५० ने भागा, जेमतेम १०-११ इंच. सहलीचे फोटो ग्रुपवरूनच घेतले जातात आणि तेच दुकानात दिले जातात, म्हणून कॅनव्हास मऊ, मेणचट येतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून, ड्राइव्हवरून किंवा पेन ड्राइव्हमध्ये मागवा. एआयने मोठा करून देणारी ॲप्स धुक्यासाठी चालून जातात. चेहऱ्यांसाठी मी सुचवणार नाही. ती नसलेला तपशील कल्पनेने भरतात आणि आपलाच माणूस परका दिसायला लागतो.

प्रमाणही पाहा. मोबाइलचा फोटो ४:३, कॅमेऱ्याचा ३:२. पहिल्याला १२×१६, १८×२४. दुसऱ्याला १६×२४, २०×३०, २४×३६. उलटं केलंत तर कुणाचा तरी खांदा कापला जाणार.

फ्लेक्सचं दुकान की पिगमेंट प्रिंट

सोलापुरात कॅनव्हास छापायला निघालं की पहिली पावलं फ्लेक्स-व्हिनाइलच्या दुकानाकडे वळतात. तिथे बहुधा इको-सॉल्व्हंट शाईचं मशीन असतं. त्याचे गुण खरे आहेत: शाई टिकाऊ, पाण्याने पसरत नाही, सहज ओरखडे उठत नाहीत, काम लवकर होतं आणि खिशाला परवडतं. यात्रेचे रंगीत फोटो त्यावर झकास येतात. अडचण येते ती फक्त उजळ राखाडीत. अशी बरीच मशीन चार शायांवर चालतात. त्यांना फिकी राखाडी बनवायची म्हणजे निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचा तोल सांभाळायचा. तो जरा ढळला की धुकं गुलाबी किंवा हिरवट होतं, आणि सगळ्यात उजळ जागी ठिपके विरळ होऊन खसखस पेरल्यासारखे दिसतात.

पिगमेंट इंकजेटमध्ये आठ ते बारा शाया असतात आणि त्यांत राखाडीच्या वेगळ्या छटा असतात. त्यामुळे धुक्याचा उतार सलग येतो, बर्फाचा निळा-पांढरा तोल टिकतो. किंमत जास्त, आणि वरून व्हार्निश लागतं, नाहीतर चौकटीच्या पट्टीवर दुमडताना शाईला चिरा जातात. फोटो लॅबमध्ये विचारताना ‘कॅनव्हास मिळेल का’ एवढंच विचारू नका. शाई कुठली, शाया किती आणि व्हार्निश करता का, हे तीन प्रश्न विचारा. इथे मिळालं नाही तर पुण्याहून गुंडाळी मागवून चौकटीवर ताणायचं काम आपल्या फ्रेमवाल्याकडे करून घेता येतं. ताणलेला तयार कॅनव्हास कुरिअरने मागवण्यापेक्षा हे बरं, कोपरे शाबूत राहतात.

माझा कौल असा: धुकं आणि बर्फ असेल तर पिगमेंट, जास्तीचे पैसे तिथे सत्कारणी लागतात. यात्रा, हुरडा पार्टी, रंगीत कोट यांना फ्लेक्सच्या दुकानातलं चांगलं मशीन पुरे.

कुठेही छापा, आधी नमुना काढून घ्या. पूर्ण फोटो छोटा करून छापलेला नमुना निरुपयोगी असतो. अंतिम आकारातलेच दोन तुकडे हवेत: एक सगळ्यात उजळ जागेचा, एक चेहऱ्याचा किंवा शिखराचा. ते ८×१२ इंचांत मावतात. दुकानाच्या काउंटरवर पाहून निर्णय घेऊ नका, घरी ज्या भिंतीवर लावायचं तिथे टेपने चिकटवा. दिवसा पाहा, रात्री ट्यूबखाली पाहा. भिंत पिस्ता किंवा गुलाबी असेल तर शेजारचा बर्फ तुम्हाला वेगळाच भासेल, आणि वॉर्म एलईडीखाली तो आणखी पिवळा वाटेल. त्यानुसार फाइलमध्ये दोन अंश इकडे-तिकडे करणं अजून हातात असतं.

कडा

कॅनव्हास लाकडी पट्ट्यांवर दुमडून मागे स्टॅपल करतात. पट्टी दीड इंच जाड असेल तर दुमडायला आणि पकडायला मिळून प्रत्येक बाजूला साधारण दोन इंच जास्तीचं कापड लागतं. २४×३६ च्या फोटोला छपाई २८×४० ची होते. दर चौरस फुटावर असेल तर ६ ऐवजी पावणेआठ फूट मोजले जातील, हे आधीच लक्षात घ्या.

त्या जास्तीच्या कापडावर काय छापायचं, याचे तीन पर्याय. फोटोच पुढे चालू ठेवला तर धुकं आणि बर्फ यांना सगळ्यात सुंदर, कारण कडेला हरवण्यासारखं काही नसतं. पण यात्रेच्या उभ्या फोटोत नंदीध्वजाचं टोक फ्रेमच्या वरच्या कडेला टेकलेलं असेल तर ते दुमडून वरच्या बाजूला जाईल आणि समोरून ध्वज तुटलेला दिसेल. तिथे कड आरशासारखी उलटी करून छापून घ्या. माणूस अगदी कडेला उभा असेल तर आरसा-कडही नको, अर्धा चेहरा बाजूला उमटतो. त्यावेळी फोटोतलीच एखादी गडद छटा सलग भरून घ्यावी. बर्फाच्या फोटोला पांढरी कड मागू नका. भिंतीच्या रंगाशी तिचं पटत नाही आणि ती हाताळून मळतेही लवकर.

सोलापूरच्या घरात

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि वर्षभर धूळ असते. या दोन्हींचा निवडीवर परिणाम व्हायला हवा. काच एका फडक्याने पुसली जाते. कॅनव्हासच्या विणीत धूळ बसते आणि ओल्या कापडाने पुसायला गेलं की ती आत मुरते; मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली झटकायची, एवढंच. त्यामुळे घर रहदारीच्या रस्त्यावर असेल, दार दिवसभर उघडं असेल, तर धुक्याचा फोटोसुद्धा मी मॅट कागदावर, काचेमागे लावायला सांगेन. चकाकी नको असेल तर नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच फ्रेमवाल्याकडे मागून पाहा, आणि फोटो काचेला चिकटू नये म्हणून मधे माउंट हवाच. आतल्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर कॅनव्हास बिनदिक्कत लावा. तिथे काचेची चकाकी त्रास देते आणि कॅनव्हासचा मॅटपणा कामी येतो.

पश्चिमेची तापणारी भिंत दोन्हींसाठी वाईट, कॅनव्हाससाठी जरा जास्त. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं, आणि या ये-जा करण्यात कापड सैल पडून कोपऱ्यात लाट येते. चौकट करून घेताना मागच्या कोपऱ्यांत पाचरी बसवायला खाचा ठेवायला सांगा. कापड सैल पडलं की पाचर हलक्या हाताने आत ठोकायची, पुन्हा ताण येतो. खिळे ठोकून पक्की केलेली चौकट अशी ताणता येत नाही, सगळे स्टॅपल काढून पुन्हा बसवावे लागतात. मोठ्या मापाला, म्हणजे ३० इंचांपुढे, मधे एक आडवी पट्टी हवीच. आणि इको-सॉल्व्हंटचा प्रिंट असेल तर छापल्यावर निदान एक दिवस मोकळा सुकू द्या. त्याच दिवशी ताणला तर कडांवर शाई सुटते आणि खोलीत वासही राहतो.